विचारायचे राहून गेले

पस्तीस वर्षे मी शिक्षिका होते. माझ्या हाताखालून किती मुले दहावी पास झाली, याचा हिशेब मी ठेवलेला नाही. एका मुलाचा हिशेब मात्र अजून मनात आहे. तो माझ्यामुळे शाळेतून गेला. त्याच्याविषयी मी इतकी वर्षे कुठे लिहिले नाही. आज लिहिते आहे, कारण आमच्या भागातली पोरे पुन्हा हातातून निसटू लागली आहेत आणि मोठी माणसे पुन्हा तीच चूक करू लागली आहेत, जी मी १९९४ साली केली.

बारामतीहून इंदापूरकडे निघाले की काटेवाडी लागते. पुढे भवानीनगरचा साखर कारखाना. नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावरचा हा सगळा ऊसपट्टा. आषाढात तुकोबांची पालखी या रस्त्याने जाते, तेव्हा काटेवाडीत पालखीभोवती मेंढ्यांचे रिंगण होते, ते पाहायला लांबून माणसे येतात. गावाचे नाव मोठे, रस्ते चांगले, शाळाही भरपूर. पण नाव मोठे असले म्हणून प्रत्येक घरातली चूल मोठी होत नाही. आमच्या वस्तीतली निम्मी घरे शेतमजुरीवर, काही कारखान्यावर, काही बारामतीच्या औद्योगिक वसाहतीतल्या कंत्राटी कामावर. मी याच परिसरातल्या वस्तीत वाढले. वडील दुसऱ्याच्या उसाला पाणी धरायचे. आईने खुरपण करून मला डी. एड., मग बी. ए., बी. एड. केले. १९८६ साली मी जवळच्याच एका माध्यमिक शाळेत लागले आणि २०२१ च्या मे महिन्यात निवृत्त झाले.

तर १९९४ ची गोष्ट. माझ्याकडे नववीचा वर्ग होता. आपल्याच वस्तीतला एक मुलगा, गणितात हुशार, अक्षर मोत्यासारखे. दिवाळीनंतर तो पहिल्या तासाला डुलक्या घेऊ लागला. प्रार्थना संपल्यावर यायचा. दप्तर अर्धवट. बोटांवर, मनगटावर भाजल्याचे डाग. मला वाटले, पोरगे विड्या ओढायला लागले. मी आपल्या समाजाची बाई. मला वाटायचे, आपल्या पोरांनी जरा जास्तच नीट वागले पाहिजे, नाहीतर लोक म्हणतील, पाहा यांची पोरे. म्हणून इतरांना मी जे खपवून घेत होते, ते त्याला खपवून घेतले नाही. एके दिवशी सगळ्या वर्गासमोर त्याला उभे केले. म्हटले, "शाळा म्हणजे धर्मशाळा वाटली का? बाबासाहेब रात्र रात्र जागून शिकले आणि तू दिवसा झोपतोस? लाज वाटू दे." वर्ग हसला. मग सांगितले, "उद्या बापाला घेऊन ये, तोवर वर्गात पाऊल टाकू नकोस."

तो दुसऱ्या दिवशी आला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. मी पटावर गैरहजेरी मांडत राहिले. महिनाभराने त्याच्या नावापुढे लाल शाईची रेघ पडली. इतके सोपे होते ते.

फेब्रुवारीत एका संध्याकाळी मी ओळखीच्यांच्या गुऱ्हाळावर गूळ आणायला गेले. चुलवाणापुढे तो उकिडवा बसला होता आणि आगीत चिपाड सारत होता. अंगावर फाटका बनियन, तोंड धगीने लाल. मला पाहून तो उठून उभा राहिला. वर्गात उभा राहायचा, तसाच. मी विचारले, "अरे, इथे कधीपासून?" तो म्हणाला, "दिवाळीपासून बाई. आण्णांचा पाय मोडलाय, गाडीखाली आला. रातपाळी करतो." मी म्हटले, "मग सांगायचे नाहीस का मला?" त्यावर तो खाली पाहून म्हणाला, "तुम्ही विचारलंच न्हाई, बाई."

त्याच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरे झाले असते. मी गूळ न घेताच घरी आले. बापाला घेऊन ये म्हणून मी ज्याला सांगितले होते, त्याचा बाप खाटेवर होता. ज्या डागांना मी विडीचे डाग समजले, ते घर चालवणाऱ्या हाताचे डाग होते. आणि बाबासाहेबांचे नाव मी त्याला उभे करण्यासाठी वापरले नव्हते, खाली पाडण्यासाठी वापरले होते.

मी त्याच्या घरी गेले, मुख्याध्यापकांशी बोलले, पुन्हा नाव घालायची तयारी केली. पण वेळ निघून गेली होती. कमावता झालेला मुलगा पुन्हा हसणाऱ्या वर्गात येऊन बसत नाही. आज तो ट्रॅक्टर चालवतो. रस्त्यात भेटला की "जयभीम बाई" म्हणतो, पोराबाळांचे सांगतो. त्याने मनात काही ठेवलेले नाही. मी ठेवले आहे.

त्यानंतर मी एक नियम केला. मूल चुकले, उशिरा आले, उलट बोलले, तरी पहिला प्रश्न "काय केलंस?" हा विचारायचा नाही. पहिला प्रश्न "काय झालं?" हा. आणि तो चारचौघांत विचारायचा नाही, बाजूला घेऊन विचारायचा.

वाचकहो, तेरा ते अठरा हे वय मोठे अवघड. शरीर बदलते, आवाज बदलतो, मुलीची पाळी सुरू होते, मुलाला मिसरूड फुटते. रात्री झोप उशिरा लागते आणि सकाळी उठवत नाही. हा आळस नव्हे, त्या वयात शरीराचे घड्याळच पुढे सरकलेले असते, असे डॉक्टर सांगतात. मेंदूचा जो भाग मागचापुढचा विचार करतो, रागाला आवर घालतो, तो पुरता पिकायला पंचविशी उजाडते. म्हणजे गाडीला वेग आला आहे, पण ब्रेक अजून बसायचे आहेत. त्यात गरिबाच्या पोराला आणखी ओझी. घरात खर्चाची ओढ, बापाचे काम आज आहे तर उद्या नाही, आणि दारात पाऊल टाकताच जातीचे डोळे. अशा पोराला "तुला काय कमी आहे?" असे विचारणे म्हणजे आंधळेपणा.

आपल्याला बाबासाहेब आठवतात ते ग्रंथांच्या राशीत बसलेले. पण त्यांचेही हे वय होते. चरित्रात एक प्रसंग नोंदलेला आहे. सातारला असताना, वडिलांनी दुसरे लग्न केले त्या काळात, छोट्या भीमरावाचे मन घरात रमेना. साताऱ्याची काही पोरे मुंबईच्या गिरण्यांत कामाला लागली, हे त्याने ऐकले होते. आपणही मुंबईला पळून जावे, गिरणीत काम करावे, कुणावर अवलंबून राहू नये, असे त्याने ठरवले. गाडीभाड्यासाठी आत्याच्या कमरेची पिशवी काढून घ्यायचा बेत केला. काही रात्री खटपट केल्यावर पिशवी हाती आली, तर आत फक्त अर्धा आणा. तेव्हा त्याने बेत सोडला आणि अभ्यासाकडे मन वळवले. पुढे बाबासाहेबांनी हे स्वतःच सांगितले, लपवले नाही.

मी शिक्षक म्हणून या प्रसंगाकडे पुन्हा पुन्हा जाते. त्या रात्री पिशवीत पाच रुपये असते तर? आणि सकाळी घरच्यांनी "चोर आहे" म्हणून त्या मुलाला हाकलून दिले असते तर? पोराच्या चुकीच्या आत त्याचे दुःख असते. चूक तेवढी दिसते, दुःख दिसत नाही.

पुढे मुंबईत याच मुलाला एक शिक्षक भेटले. कृष्णराव अर्जुन केळुसकर. चर्नी रोडच्या बागेत एक विद्यार्थी रोज पुस्तक घेऊन बसलेला त्यांना दिसे. त्यांनी जवळ जाऊन चौकशी केली, कोण, कुठला, काय वाचतोस? तो काही त्यांच्या वर्गातला नव्हता. त्यांची काही जबाबदारी नव्हती. पण त्यांनी विचारले. मग वाचायला पुस्तके दिली. सत्काराच्या सभेत स्वतः लिहिलेले गौतम बुद्धांचे चरित्र हातात ठेवले. पुढे शिक्षणाला पैसे कमी पडले, तेव्हा सयाजीराव महाराजांकडे शब्द टाकला आणि महिना २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली. त्या बागेतल्या चौकशीतून पुढे किती घडले, हे तुम्हा आम्हाला सांगायला नको. केळुसकर गुरुजींनी उपदेश किती केला ठाऊक नाही. पाहिले, विचारले, पुस्तक दिले, वाट काढून दिली. शिक्षकाने करायच्या चारही गोष्टी त्यात आल्या.

१९९४ नंतर मी आणखी एक गोष्ट सुरू केली. महिन्यातून एका शनिवारी शेवटच्या तासाला कोरा कागद वाटायचा. नाव लिहायचे नाही. "जे कुणाला सांगता येत नाही ते लिहा. काहीच नसेल तर चित्र काढा." याची कल्पना मला मुक्ता साळवेवरून सुचली. पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाईंच्या शाळेत शिकणारी, मांग समाजातली चौदा वर्षांची मुलगी. तिने आपल्या लोकांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला आणि तो १८५५ साली 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. चौदा वर्षांच्या पोरीच्या पोटात एवढे होते. पण ते बाहेर आले, कारण तिला शिकवणाऱ्यांनी तिच्या हाती लेखणी दिली आणि लिहिलेले मनावर घेतले.

माझ्या कोऱ्या कागदांवर काय काय यायचे! "आमच्या घरी रात्री भांडण होतं म्हणून अभ्यास होत नाही." "मला मराठीचे सर आवडतात पण ते मला ढ म्हणतात." "पाळीत मी शाळेत येत नाही, कारण संडासाला कडी नाही." ही कडी आम्ही त्याच आठवड्यात बसवली. दहा रुपयांची कडी, आणि तिच्यावाचून किती मुलींचे किती दिवस बुडाले होते! एकदा फक्त एवढेच आले, "चुलता." त्या एका शब्दाने मला दोन रात्री झोप लागली नाही. अक्षरावरून मुलगी ओळखली, तिच्याशी सावकाश बोलले, तिच्या आईशी बोलले. त्या वेळी कायदा आजच्याइतका स्पष्ट नव्हता. आज २०१२ चा पोक्सो कायदा आहे. मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचे कळले, तर ते पोलिसांना कळवणे शिक्षकावर बंधनकारक आहे. म्हणून मुलाला "मी कुणाला सांगणार नाही" असे वचन कधी देऊ नये. "तुझ्या जिवाला धोका असेल तर ज्याची मदत घ्यावी लागेल त्याला मी सांगेन, पण आधी तुला सांगून" असे म्हणावे. पोरे हे समजून घेतात. फसवलेले मात्र विसरत नाहीत.

मग २०२० चा मार्च आला. शाळा बंद. माझ्या नोकरीचे शेवटचे वर्ष मोबाईलच्या काचेत गेले. वर्गात पन्नास मुले, काचेत कधी बारा, कधी सात. ज्या घरात एकच मोबाईल आणि तोही कामावर जाणाऱ्या बापाच्या खिशात, त्या घरातले पोर कुठे दिसणार? त्या वर्षी दहावीतली एक मुलगी आधी रोज दिसायची, मग दिसेनाशी झाली. एका दुपारी ती माझ्या दारात आली. पाठीवर दप्तर. म्हणाली, "बाई, एवढं तुमच्याकडं ठेवता? घरात रद्दीत घालतील."

१९९४ ची मी असते तर म्हटले असते, दप्तर टाकून फिरतेस? या वेळी मी तिला आत बसवले, चहा केला, आणि मग विचारले, "काय झालं?" बराच वेळ ती बोलली नाही. मीही बोलले नाही. शिक्षकाला गप्प बसणे फार जड जाते, पण ते शिकावे लागते. मग तिने सांगितले. वडिलांचे कंपनीतले कंत्राट संपले होते. मुलगा पाहून ठेवला होता. लॉकडाऊनमध्ये पन्नास माणसांत लग्न उरकते, मांडव नाही, जेवणावळ नाही, खर्च वाचतो. मुलगी सोळा वर्षांची.

मी लगेच कायद्याचे नाव घेतले नाही. आधी तिच्या आईला भेटले. ती माऊली मुलीची वैरीण नव्हती. ती म्हणाली, "आवं बाई, आमी दोघंबी दिवसभर रानात. पोर एकटी घरात. उद्या काय इपरीत झालं तर कुनाला तोंड दावायचं? शाळा तर बंदच हाय." भीती खोटी नव्हती. तिच्यावर काढलेला उपाय चुकीचा होता. आपण सुशिक्षित माणसे नेमके इथे चुकतो. आईबापाला अडाणी म्हणून मोकळे होतो. मग ते दार लावून घेतात आणि लग्न रातोरात होते.

आम्ही दोन्ही बाजूंनी प्रयत्न केले. मुलगी दिवसा तिच्या आजीकडे, माझ्या शेजारच्या घरात बसू लागली. मी तिथेच तिला आणि आणखी तिघींना ओट्यावर शिकवू लागले. अंगणवाडीताईंनी घरी जाऊन शांतपणे सांगितले की मुलीला १८ आणि मुलाला २१ पूर्ण झाल्याशिवाय लग्न हा २००६ च्या कायद्याने गुन्हा आहे, लावून देणारेही त्यात सापडतात, आणि गावात हा कायदा पाहण्याची जबाबदारी ग्रामसेवकावर आहे. वस्तीतल्या दोन वडीलधाऱ्यांनी मुलाकडच्यांना निरोप दिला. त्या वर्षी दहावीची परीक्षाच रद्द झाली, अंतर्गत गुणांवर निकाल लागला. लोक त्या मुलांना 'कोरोना बॅच' म्हणून हसायचे. मला त्या निकालपत्राचे मोल ठाऊक आहे. त्या कागदाने तिला अकरावी मिळाली, समाजकल्याणच्या मुलींच्या वसतिगृहात जागा मिळाली, भारत सरकारची शिष्यवृत्ती मिळाली. आज ती परिचारिकेचे शिक्षण घेते आहे. दप्तर मात्र अजून माझ्याकडेच आहे. न्यायला येते येते म्हणते.

आता मुलांकडे वळते, कारण सध्या मला मुलांची काळजी जास्त वाटते. मुलगी रडते तरी. मुलगा रडत नाही, तो हत्यार शोधतो.

३० सप्टेंबर २०२४ रोजी बारामतीत एका महाविद्यालयाच्या आवारात बारावीतल्या मुलाचा कोयत्याने खून झाला. संशय त्याच्याच बरोबरीच्या, शिकणाऱ्या अल्पवयीन मुलांवर आला. सारा तालुका हादरला. पुढे पोलिसांनी शाळा-महाविद्यालयांत 'शक्ती बॉक्स' नावाच्या तक्रारपेट्या बसवायला घेतल्या. बंदोबस्त वाढला. ते हवेच होते. पण त्या दिवशी दोन्हीकडच्या घरांत आई होती, हे मला विसरता येत नाही. मारणारा आणि मरणारा, दोघेही शाळेच्या पटावरचे.

आणि हत्यार कोणते, तर कोयता. आमच्या भागात कोयता हे काय आहे, हे बाहेरच्याला कळणार नाही. दसरा-दिवाळीला बीड, अहिल्यानगरकडून ऊसतोडणी कामगारांच्या टोळ्या येतात. नवराबायकोच्या जोडीला मुकादम 'एक कोयता' म्हणतो. जोडीने घेतलेली उचल त्याच नावावर. आमच्या वस्तीतल्या कितीतरी बायांनी आयुष्यभर ऊस तोडला आहे. ज्या पात्याने घर जगवले, ते आता पोरे मोबाईलमध्ये मिरवू लागली. पुण्याच्या वर्तमानपत्रांत 'कोयता गँग' हा शब्द आला आणि पोरांना तो पदवीसारखा वाटू लागला.

त्याच ऑक्टोबरात आमच्या वस्तीतल्या अकरावीच्या एका मुलाने हातात कोयता घेतलेला फोटो स्टेटसला ठेवला. वस्तीत गडबड उडाली. कुणी म्हणे दोन कानाखाली द्या, कुणी म्हणे पोलिसात द्या म्हणजे अक्कल येईल. मी त्याला संध्याकाळी विहाराच्या पायरीवर बोलावले. तो आला तो तावातच. "बाई, उपदेश करणार असाल तर जातो." म्हटले, "नाही करत. काय झालं तेवढं सांग."

दोन महिने एस. टी. स्टँडवर बाहेरगावची चार पोरे त्याला अडवत होती. जातीवरून बोलत होती. एकदा शर्ट फाडला. घरी सांगावे तर बाप म्हणेल, कॉलेज सोड आणि कामावर चल. कॉलेजात सांगावे तर नाव उघडे पडेल. म्हणाला, "फोटो टाकल्यापास्नं चार दिवस कुनी आडवलं न्हाई." आता सांगा, त्याला कानाखाली दिली असती तर काय झाले असते? फोटोतला कोयता दप्तरात गेला असता.

मी त्याला सांगितले, तुझ्यावर अन्याय झाला आहे, तू भित्रा नाहीस, आणि तुझा उपाय तुलाच कापणारा आहे. मग त्याला घेऊन त्याच्या वडिलांकडे गेले. वडील आधी चिडले, मग गप्प झाले, मग म्हणाले, "मलाबी आसंच आडवायचे. मी कुनालाच सांगितलं न्हाई." बापलेक एकमेकांकडे पाहत राहिले. दुसऱ्या दिवसापासून वस्तीतले दोन-तीन मोठे तरुण त्याच गाडीने जाऊ लागले. वडील स्वतः कॉलेजात जाऊन भेटले. १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा काय सांगतो, हे एका वकिलांकडून समजून घेतले आणि ते आमच्या मागे आहे हे सगळ्यांना कळू दिले. अडवणे थांबले.

स्टेटस मात्र माझ्या बोलण्याने उतरला नाही. तो उतरला त्याच्या आजीमुळे. म्हातारीने फोटो पाहिला आणि ओरडली, "आरं, त्यो माजा कोयता हाय! हिकडं आन, उद्या वाढं तोडायचंय. ह्या कोयत्यावर तुज्या बापाच्या शाळंची फी भरलीया मी." पोरगे खाली मान घालून कोयता ठेवून आले. आम्ही सगळे हसलो. तोही हसला.

तो पोरगा काही एकदम सुधारला असे नाही. अकरावीला एका विषयात राहिला, पुन्हा बसला. मध्येच अभ्यासिकेला दांडी मारतो. पहाटे इतर पोरांबरोबर भरतीसाठी पळायला जातो. त्याला विचारले, पोलीस की सैन्य? तर म्हणतो, "सैन्यात आता अग्निवीर, चार वर्षांनी पुन्हा काय?" २०२२ पासून ती भरती अशी आहे. त्याच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही. मी खोटा दिलासा देत नाही. दोघे बसून पाहतो, आय. टी. आय. कुठे, कोणता ट्रेड, वसतिगृह आहे का, 'स्वाधार' योजनेत बसतो का. पोरांना "सगळं ठीक होईल" नको असते. आपल्याबरोबर बसून कुणीतरी फॉर्म भरलेला हवा असतो.

शिक्षक बंधुभगिनींना माझी विनंती आहे. पट पुरा करणे, पोर्टलवर माहिती भरणे, निवडणुकीची कामे, हे सगळे ओझे मी उचलले आहे, मला ते ठाऊक आहे. तरी वर्गात शिरल्यावर दोन मिनिटे नुसते चेहरे पाहा. नेहमी बोलणारा गप्प झाला, गप्प असणारा अंगावर धावू लागला, उन्हाळ्यात लांब बाह्या घालू लागला, डबा खाईना, कुणाकडून तरी नवा मोबाईल आला, आपल्या वस्तू वाटून टाकू लागला, तर थांबा आणि विचारा. "मी नसलेलंच बरं" असे मूल म्हणाले, तर ते नाटक समजू नका. "जीव द्यावासा वाटतो का?" असे सरळ विचारा. विचारल्याने ते मनात भरत नाही, उलट मूल मोकळे होते. त्याला एकटे सोडू नका. १४४१६ या टेलिमानसच्या क्रमांकावर रात्री-बेरात्रीही फुकट बोलता येते. मुलांच्या संकटासाठी १०९८ आहे. २०२२ मध्ये शासनाने शाळांत सखी सावित्री समिती नेमण्याचा निर्णय काढला, ती आपल्या शाळेत कागदावर आहे की खरी, ते पाहा. आणि हात उगारू नका. शिक्षण हक्काच्या कायद्याने २०१० पासून मुलाला मारणे आणि मानसिक छळ करणे, दोन्हींना बंदी आहे. मी त्या मुलाला बोट लावले नव्हते. नुसत्या शब्दांनी त्याला शाळेबाहेर काढले.

आईबापांनाही सांगणे आहे. दिवसभर राबून आल्यावर बोलायचे त्राण नसते, हे मी माझ्या घरात पाहिले आहे. पण भाकरी खाताना मोबाईल बाजूला ठेवा आणि पोराला त्याच्या गुणांशिवाय दुसरे काहीतरी विचारा. आपण कधी नापास झालो, कधी भ्यालो, कधी रडलो, हे त्याला सांगा. त्या मुलाच्या बापाने वीस वर्षे जे दडवले, ते एका संध्याकाळी सांगितले आणि घरातली हवा बदलली. आपण बाबासाहेबांचा फोटो भिंतीवर लावतो. पोराला त्या फोटोची भीती वाटता कामा नये, आधार वाटला पाहिजे. अर्ध्या आण्याची गोष्टही त्याला सांगा.

गेल्या महिन्यात त्या ट्रॅक्टरवाल्याने रस्त्यात गाडी थांबवली. त्याचा धाकटा आता नववीत आहे. म्हणाला, "बाई, पोरगं लई गप झालंय. जरा बोलता का?" मी म्हटले, "बोलते. पण आधी तू विचार." तो म्हणाला, "काय इचारू?"

ट्रॅक्टर चालूच होता, मला मोठ्याने सांगावे लागले. रस्त्यावरच्या दोघा-तिघांनीही ऐकले. बरेच झाले.